आभाळाला चार पाय

एका जंगलात, बाळांनो, सगळं कसं रीतसर होतं. सिंह राजा होता, ससे प्रजा होते, आणि ज्याला काहीच येत नव्हतं तो सल्लागार होता.

एकदा दिवेलागणीच्या वेळी पूर्वेच्या आभाळात लख्खकन उजेड चमकला. डोक्यावर ढग नव्हता. गडगडाट झाला नाही. नुसता उजेड आला आणि गेला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. मग रोजच.

नदीकाठच्या वाळूत टिटवीबाई चार अंड्यांवर बसली होती. तिनेही तो उजेड पाहिला. “अगंबाई!” ती म्हणाली, आणि अंडी पोटाखाली जरा आणखी ओढून घेतली.

टिटवी घरटं बांधत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? चार खडे बाजूला सारायचे आणि उघड्यावरच अंडी घालायची. त्यामुळे तिला आभाळापेक्षा जमिनीची काळजी जास्त. कोणाचा खूर कधी पडेल, कोणाचं नाक हुंगत कधी येईल, नेम नाही. त्यातून आता दिवस भरत आले होते. कान लावला की आतून टकटक ऐकू यायची.

इकडे जंगलात चर्चा सुरू झाली. या जंगलात काहीही झालं की आधी चर्चा व्हायची. वणवा लागला तरी आधी चर्चा, मग पळापळ.

मोर म्हणाला, “त्यात काय एवढं? वरून कोणीतरी माझे फोटो काढतंय. मी पिसारा फुलवला की बरोबर चमकतं.”

“मिटलेला असतो तेव्हाही चमकतं की!” ससा म्हणाला.

“ते माझ्या नकळत काढलेले,” मोर लाजून म्हणाला.

माकडाच्या मते वर कोणाचं तरी लग्न होतं आणि फटाके उडत होते. आवाज का येत नाही, असं विचारल्यावर ते म्हणालं, “मोठ्या लोकांचं लग्न असेल. आपल्याला कशाला ऐकवतील?”

घुबडशास्त्री दिवसभर डोळे मिटून बसत, म्हणून सगळे त्यांना विचारवंत समजत. त्यांना हलवून जागं केलं. ते म्हणाले, “आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं, शास्त्रीबुवा?”

“ते आता कोणालाच ठाऊक नाही,” असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. सभेने माना डोलावल्या.

शेवटी म्हातारं कासव म्हणालं, “लांब कुठेतरी वीज चमकत असेल. फार लांब असली की आवाज पोचत नाही म्हणतात. पण खरं सांगू? मला नक्की माहीत नाही.”

“माहीत नाही?” सिंह गरजला. “एवढं वय झालं आणि भर सभेत माहीत नाही म्हणायला लाज वाटत नाही?”

कासवाला मानाच्या दगडावरून खाली उतरवण्यात आलं. उतरायलाही त्याला दुपार लागली.

मग कोल्होबा उठला. हल्ली तो रोज नदीकाठी हवा खायला जाई. हवाच खाई असं तो सांगे.

“महाराज,” तो म्हणाला, “सांगायला जीभ रेटत नाही. आभाळाला तडे जाताहेत. त्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो.”

सिंहाने वर पाहिलं आणि तो गुहेच्या दाराशी सरकून बसला. “पडेल का रे?”

“टेकूच काढून घेतल्यावर पडणार नाही तर काय? आभाळ कोण तोलतं, महाराज? टिटवी! रात्री पाय वर करून निजते ती कशासाठी? आभाळ पडलंच तर झेलायला. आणि सध्या तिचे पाय कुठे आहेत? पोटाखाली! मी स्वतः पाहिलंय. रोज पाहतो.”

आता टिटवी पाय वर करून निजते हे जंगलात लहान पोरालाही ठाऊक होतं. कोणी पाहिलं नव्हतं, इतकंच. पण पाहिलेल्या गोष्टींवर वाद होतात. न पाहिलेल्यांवर होत नाहीत.

टिटवीबाई अंडी सोडून येईना, म्हणून अख्खी सभाच संध्याकाळी नदीकाठी आली. गवादादाचा खूर अंड्यांपासून वीतभर अंतरावर पडला. तिने पंख पसरून अंडी झाकली.

“उजेड दिसला तेव्हा ही ओरडत होती, महाराज!” माकड ओरडलं.

“मी रोजच ओरडते,” टिटवीबाई म्हणाली.

“ऐका! रोज! स्वतःच कबूल केलं!”

सिंहाने विचारलं, “बाई, आभाळ तोलायचं काम तुमच्याकडे आहे की नाही?”

“अहो महाराज, तसं काही...” ती सांगणार, तोच तिचे यजमान टिटवेराव मान ताठ करून पुढे आले.

“पिढीजात, महाराज! आमच्या आजोबांनी तर म्हातारपणी एका पायावर तोललं होतं.”

झालं होतं असं की लग्न ठरताना टिटवीबाईच्या सासूने सांगितलं होतं, “आमच्याकडे सुनेला काही काम नाही. एवढं आभाळ तेवढं तोलायचं.” तेव्हापासून टिटवेरावांची मान जी ताठली, ती काही वाकली नाही.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “सासूबाईंची ती बोलायची रीत होती.”

“तू गप्प बस. घराण्याचा प्रश्न आहे.”

हुकूम झाला. टिटवीबाईने आजपासून दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत राजगुहेसमोर उताणं पडून पाय वर धरायचे.

“आणि माझी अंडी? अहो, तुम्ही तरी बसाल ना?”

“मी तुझ्याबरोबर येतो,” टिटवेराव म्हणाले. “लोक बघायला येतील. त्यांना घराण्याची माहिती कोण देणार?”

कोल्होबा पुढे झाला. “वहिनी, काळजीच सोडा. मी आहे ना! तोंडात... म्हणजे डोळ्यांत तेल घालून जपेन.”

टिटवीबाईने सभेकडे पाहिलं. खरं सांगावं, तर कासव तिकडे कोपऱ्यात बसलं होतं. खरं सांगितल्याने काय होतं ते दिसतच होतं. पोटाखाली टकटक चालूच होती.

ती उठली. अंड्यांशेजारीच उताणी पडली आणि दोन्ही पाय वर केले. सभा श्वास रोखून बघू लागली. तेवढ्यात पूर्वेला लख्खकन चमकलं.

“अगंबाई!” ती कण्हली. “महाराज, आभाळ फार जड झालंय हो. पूर्वीचं राहिलं नाही. माझ्या या दोन काड्यांना नाही पेलवत. तडा जातो तो दोन पायांच्या मधेच जातो. आता चार कोपऱ्यांना चार पाय हवेत.”

सभेत एकदम चुळबूळ झाली. हरणाने पाय दुमडून घेतले. ससा तर गवतात दिसेनासाच झाला. “गवादादा धरतील की!” माकड म्हणालं.

“गवादादा उताणे पडले तर उठवायचं कोणी?” टिटवीबाई पडल्यापडल्याच म्हणाली. “अंगाने हलका हवा. आणि मुख्य म्हणजे, तडा कुठे आहे ते दिसणारा हवा. सगळ्यांत आधी तडे कोणाला दिसले, महाराज?”

सगळ्यांनी कोल्होबाकडे पाहिलं.

“मला? छे छे! माझे पाय म्हणजे...”

“एक, दोन, तीन, चार!” गवतातून सशाने मोजले.

कोल्होबा मागे सरकू लागला. “महाराज, असंही असेल की लांब कुठेतरी वीज चमकत असेल. मला नक्की माहीत...”

“कासवासारखं बोलू नकोस!” सिंह गरजला. “हो आडवा!”

कोल्होबा त्या दिवसापासून राजगुहेसमोर उताणा पडू लागला. मुंग्या चावत. खाजवायला पाय खाली घेतला की सिंह आतून ओरडे, “मागचा उजवा! वर कर!” आभाळात चमकलं की त्याचीच खरडपट्टी निघे.

पुढे तो उजेड यायचा थांबला. का थांबला, कोणाला माहीत नाही. पण आभाळ पडलं नाही, हे तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कोल्होबाला शाल, श्रीफळ आणि ‘आकाशाधार’ ही पदवी मिळाली. काम मात्र जन्मभराचं मिळालं. “त्यांना आम्हीच शिकवलं,” असं टिटवेराव दारोदार सांगत फिरले. कासवाने, आपलं चुकलं, असं सभेत सांगितलं, तेव्हा त्याला पुन्हा दगडावर बसू दिलं.

आणि टिटवीबाईची चारही अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. एका संध्याकाळी वाळूत दुडदुडताना धाकट्या पिल्लाने विचारलं, “आई, आभाळ खरंच कोल्होबाने तोललंय?”

टिटवीबाईने वर पाहिलं. मग लांब गुहेसमोर चार काळे पाय दिसत होते, तिकडे पाहिलं.

“हो रे राजा,” ती म्हणाली. “त्याला तोलू दे. तोवर चला पाण्यावर.”

तात्पर्य : आभाळ पडणार असं कोणी सांगू लागलं, तर वर बघत बसू नये, सांगणाऱ्याचे पाय मोजावेत. आणि खरं बोलावंसं फारच वाटलं, तर आधी पिल्लांना पंख फुटू द्यावेत.