हव्वाबीच्या चुलीला कुलूप

"एक तास दे, नाझिया! तुझा ब्लॉग असा चकाचक करतो की लोक जेवणं सोडून तोच बघत बसतील!" असं म्हणून मोहसीननं बाह्या सरसावल्या आणि तो कॉम्प्युटरसमोर बसला.

पनवेलच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं आपल्याला कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती. कॉम्प्युटरला तर चांगल्या पाच-सहा वायरी!

ब्लॉगचं नाव 'हव्वाबीची चूल'. हव्वाबी म्हणजे मोहसीनची अम्मी. ती रेसिपी सांगायची, मोहसीनची बायको नाझिया टाइप करायची. वाचायला आखातात कामाला गेलेली आपल्या भागातली पोरं, एकेका खोलीत पाच-पाच जण राहणारी. त्यांत मोहसीनचा थोरला भाऊ अय्यूबही होता, कुवेतला.

आता या अय्यूबचं असं झालं होतं की, गेल्या सुट्टीत जेवता जेवता तो बोलून गेला, "आमच्या रूमवरचा मलबारी कुक मटण बाकी झकास करतो!" हव्वाबीनं ताट उचललं. "मग जेव त्याच्याकडंच!" तेव्हापासून दोघांचा अबोला. फोन नाही, निरोप नाही. पण ब्लॉगखाली रोज अय्यूबचा प्रश्न यायचा. अम्मी नाही, सलाम नाही, नुसतं "सांदणाला मीठ किती?" दुपारच्या नमाजानंतर नाझिया तो वाचून दाखवायची आणि हव्वाबी भिंतीकडे बघत म्हणायची, "विचारणाऱ्याला सांग, अंदाजानं." एवढ्यावर त्या माउलीचा दिवस गोड जायचा.

नाझियाचं मागणं साधं होतं. रेसिपीखाली कोण कुठले लोक घड्याळं आणि वजन कमी करायच्या गोळ्या विकत, तेवढे थांबवायचे. मटणाच्या रेसिपीखाली वजनाच्या गोळ्या, शोभतं का?

"एक साधा प्लगिन टाका, बस!" ती म्हणाली.

पण प्लगिन, म्हणजे ब्लॉगला जोडायचे हे छोटे प्रोग्रॅम, फुकट असतात हे मोहसीनला कळलं आणि तिथंच घात झाला. फुकटची भाजी म्हणून त्यानं पिशवी भरली. एक प्लगिन पानावर बर्फ पाडणारा. एक आपोआप सनई वाजवणारा. एक तर "आधी ईमेल द्या" म्हणून रेसिपीच्या तोंडावर उभा राहणारा.

"या अल्लाह, स्क्रीनवर पीठ कोणी सांडलं?" हव्वाबीनं ओढणीनं स्क्रीन खसाखसा पुसला.

"अम्मी, तो बर्फ आहे!"

"मे महिन्यात? पनवेलात?"

शेवटी गोळ्यावाल्यांची पाळी आली. हे लोक परदेशातले, हे मोहसीननं अचूक हेरलं. देशांप्रमाणे दार बंद करणारा प्लगिन होताच. त्यानं भारत सोडून झाडून सगळे देश बंद केले! आता कुवेतही परदेशच की. पण पनवेलच्या मोहल्ल्यात हे लक्षात राहतं कोणाच्या? कुवेतला भाऊ राहतो, कतारला मेव्हणा राहतो. परदेश म्हणजे रशिया, चीन वगैरे! प्लगिननं विचारलं, बाहेरच्यांना काय दाखवू? मोहसीननं झोकात लिहिलं, "तुमच्यासाठी या घराचं दार बंद आहे. पुन्हा तोंड दाखवू नये." वर हव्वाबीचा हातात डाव घेतलेला फोटो होताच.

दुसऱ्या दिवशी ब्लॉग कसा लख्ख! एक गोळीवाला नाही.

"बघ, किती स्वच्छ!"

"स्वच्छ कसलं? चिटपाखरू नाही," नाझिया म्हणाली.

दुपारी हव्वाबीनं विचारलं, "आज कुवेतचं कोण बोललं?" कोणीच नाही. पुढल्या दिवशी नाही, त्याच्या पुढल्या दिवशीही नाही. हव्वाबीनं रेसिपी सांगणंच बंद केलं. तिला आपलंच शेवटचं उत्तर खाऊ लागलं. अय्यूबनं विचारलं होतं, डब्यातला नारळाचा रस चालेल का? आणि ती तडकून म्हणाली होती, "डब्यातला नारळ वापरणाऱ्यानं माझ्या चुलीकडं बघू नये!" नाझियानंही ते शब्दशः टाइप केलं होतं.

"पोरगा दुखावला," हव्वाबी पुटपुटली आणि ताटावरून उठून गेली. मोहसीनला फार वाईट वाटलं. अम्मीचा जीव रमावा म्हणून त्यानं सनईचा आवाज वाढवला.

आठवडा उलटला आणि फोन खणखणला. मोहसीननं उचलला.

"अम्मीला दे!" अय्यूब गरजला.

"भाईजान, झालं काय?"

"डब्यातला नारळ वापरला म्हणून आई घराचं दार बंद करते? वर डाव दाखवते? पुन्हा तोंड दाखवू नको म्हणते?"

मोहसीनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो काही बोलणार तोच हव्वाबीनं फोन हिसकावला.

"कोण म्हणतो दार बंद केलं? मी? माझ्या पोराला? अरे, तुझी वाट बघून डोळे गेले माझे!"

पलीकडून अय्यूब नाक ओढत म्हणाला, "अम्मी, त्या मलबाऱ्याचं मटण एवढं पण चांगलं नाय."

"ते मला ठाऊकच हाय," हव्वाबी म्हणाली आणि पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावून मनसोक्त रडली.

मग मायलेक बोलतच राहिले. मीठ निघालं, नारळ निघाला, मोहसीन लहानपणापासून कसा बावळट हेही निघालं. फोन ठेवला तेव्हा हव्वाबीचा चेहरा ईदच्या सकाळसारखा झाला होता.

मोहसीन खालमानेनं प्लगिन काढायला बसला. बर्फ गेला, सनई गेली. देशांचं कुलूप उघडायला त्यानं माउस हातात घेतला, तसा हव्वाबीनं त्याचा हात धरला.

"कतार उघड. दुबई उघड. कुवेत राहू दे बंद."

"अम्मी! भाईजानला मग मीठ किती ते कळणार कसं?"

"फोन करील."

"पण कुवेतला आपली दुसरी पोरंही आहेत!"

"त्यांना काय आया नायत?" हव्वाबी म्हणाली. "ती पण करतील!"