टिटवीच्या अंड्यांचा मुहूर्त

मुलांनो, एका जंगलात वाघ कमी आणि वाघांवरचे चित्रपट जास्त झाले होते. त्या जंगलात उन्मेष नावाचं एक तरुण साळिंदर दूरदेशी चित्रपटकला शिकून परत आलं.

उन्मेषला वाघ नको होता. त्याला नदीकाठच्या टिटवीमावशीवर चित्रपट काढायचा होता. तिची चार अंडी वाळूत उघड्यावर होती.

"काढ रे बाबा," मावशी म्हणाली. "माझी पिल्लं जन्मल्या दिवशीच पळत सुटतात. तोंडं धड बघायला मिळत नाहीत. तुझ्या चित्रपटात तरी सावकाश बघेन."

उन्मेषच्या डोळ्यांत पाणी आलं. याच्यासाठीच तर तो परतला होता!

पण त्या जंगलाची एक रीत होती. थोर दिग्दर्शकांचा सल्ला घेतल्याशिवाय नवख्याने कॅमेरा सुरू करायचा नाही.

आप्पासाहेब हत्ती म्हणाले, "प्रकाशाची वाट बघ. मी एका ढगासाठी दोन वर्षं थांबलो होतो."

"पण अंडी थांबणार नाहीत, आप्पासाहेब."

"मग शिस्त लाव त्यांना!"

अस्वलकाका म्हणाले, "आधी नटांच्या तालमी घे."

"ते अजून अंड्यात आहेत, काका."

"उत्तम! म्हणजे वेळेवर हजर तरी असतील."

मोराने एवढंच विचारलं, "नाचतंय कोण?"

उन्मेषने सगळं वहीत उतरवून घेतलं. वही भरली. दुसरी आणली. मावशी रोज निरोप धाडायची, "लवकर ये रे, आतून टकटक ऐकू येतेय."

शेवटी मुहूर्त ठरला. अंड्यांशेजारी मांडव उभा राहिला. नारळ फुटला. आप्पासाहेबांचं भाषण झालं. कॅमेरा अर्थातच आप्पासाहेबांकडे रोखलेला होता.

उन्मेष त्यांच्या पाया पडायला वाकला आणि मावशी ओरडली, "अरे, मागे बघ! फुटतायत!"

"एक मिनिट, मावशी. आशीर्वाद चालू आहे."

आशीर्वाद लांबला. उन्मेष वळला तेव्हा वाळूत चार टरफलं होती आणि नदीकडे गेलेली इवलीशी पावलं.

चित्रपट तयार झाल्यावर मावशीने तो शेवटपर्यंत पाहिला.

"सोंड छान आलीय," ती म्हणाली. "माझी कुठायत?"

उन्मेषला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. चित्रपटात सगळेच थोर दिग्दर्शक दिसत असल्यामुळे त्याला जंगलातला सर्वोच्च पुरस्कार जाहीर झाला होता.

आता नवखे उन्मेषचाही सल्ला घेतात. तो म्हणतो, "घाई करू नका."

तात्पर्य: मुलांनो, थोरांचं जरूर ऐकावं. चित्रपट हातचा जातो, पण आपणही थोर होतो. आणि पिल्लांचं म्हणाल, तर ती काही पुरस्कार समितीवर नसतात.