पेंगुळीला हललेलं चालत नाही

बरणीला तिचा कोळी मिळाला. ही बातमी आधीच सांगून टाकलेली बरी. आता ती विसरून जावी, कारण कागदोपत्री तो मिळालेला नाही, आणि विभागात कुणी विषय काढलाच तर बाकीचे घसा खाकरून खिडकीबाहेर बघतात. तेव्हा काहीच झालेलं नाही, असं धरून चालू. बरणी अजून जंगलाच्या फाटकाशीच उभी आहे.

बरणी म्हणजे मुलगी. तिच्या खिशात, उशीखाली, एकदा तर नात्यातल्या लग्नात पर्समध्येही कोळ्याची बरणी सापडली, तेव्हापासून घरात हे नाव पडलं. घरातून ते विभागात जायला वेळ लागला नाही, कारण कोळी-विभागाचे प्रमुख तिचे सख्खे मामा. विभागात त्यांना 'सर' म्हणायचं आणि घरी 'मामा', असा करार होता. जंगलाचं काही ठरलेलं नव्हतं. तिथे ती हाक मारायच्या जागी नुसती खोकायची.

तिचा प्रबंध एका पेंगुळीसाठी अडला होता. पेंगुळी म्हणजे वाटाण्याएवढी, मधाच्या रंगाची कोळीण. विभागातल्या लोकांनीच तिला हे नाव दिलेलं, कारण अगदी निवांत, न हलणारी जागा मिळाल्याशिवाय ती जाळं विणत नाही. पानगळ संपायच्या आत एक तरी पेंगुळी संग्रहालयाच्या कपाटात जमा झाली नाही, तर प्रबंध गुंडाळून बाबांच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं. बाबांनी तिच्यासाठी फिरती खुर्चीसुद्धा आणली होती. खुर्चीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, एवढीच काय ती आशा.

"आज पेंगुळी तुझ्या हातात देतो की नाही बघ," मामा फाटकातून आत शिरता शिरता म्हणाले.

"मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतात."

"मागच्या वर्षी वारा होता."

वारा याही वर्षी होता. झोपेत कूस बदलावी तसा मधूनच उठायचा आणि पुन्हा पडून राहायचा. तो उठला की सगळं जंगल थोडंसं खाली यायचं. पानांना घाई नव्हती. एखादं पान निम्म्यावर येऊन थांबायचं, विचार करायचं, मग उरलेलं अंतर उतरायचं. मामा उलटी छत्री धरून फांद्या हलवत होते, छत्रीत पानं पडत होती, आणि पानांखालून नको ते कोळी निघून आपापल्या कामाला जात होते. सोबत दिलेला वनरक्षक हे सगळं जांभया आवरत बघत होता.

दुपारी डबे उघडले. जेवण झाल्यावर मामा एका जाड खोडाला टेकले, "दोन मिनिटं डोळे मिटतो," म्हणाले आणि त्या विषयावर पुढे काही बोलले नाहीत. वनरक्षक ओढ्यावर पाणी प्यायला गेला. ऊन मामांच्या दाढीवर येऊन बसलं. दाढी मोठी होती, उन्हाची सोय झाली.

बरणी बरण्या पुसत होती. सहज वर बघितलं, तर मामांचा कान आणि शेजारचं झुडूप यांच्यामध्ये एक धागा चमकत होता. धाग्यावर वाटाण्याएवढं, मधाच्या रंगाचं काहीतरी आरामात चालत होतं.

बरणी खोकायचीही विसरली.

पेंगुळीचंही बरोबर होतं. सगळं जंगल गळत होतं, डुलत होतं. जेवणानंतरचे मामा सोडले तर भरवशाची वस्तू आसपास दिसत नव्हती. तिने दुसरा धागा नाकाला बांधला.

विभागात मामांचाच नियम होता, जाळं पूर्ण होऊन त्याचा फोटो निघाल्याशिवाय कोळी उचलायचा नाही. जाळ्याच्या घडणीवरूनच जात ओळखायची. म्हणून बरणी बसून राहिली. तेवढ्यात मामींचा फोन आला.

"त्यांना दे गं जरा."

"मामा कामात आहेत," बरणी कुजबुजली.

"जेवणानंतर? कसल्या कामात?"

"आधार देतायत."

"तब्येत बरी आहे ना त्यांची?"

वनरक्षक परत आला तेव्हा जाळ्याचं निम्मं चाक विणून झालं होतं. त्याने जाळं पाहिलं, त्यामागचे मामा पाहिले आणि हळूच टोपी काढली.

"कधीपासून आहेत हे इथे?"

"जेवल्यापासून. तुम्ही होतात की."

"हो, होतो." त्याने टोपी परत घातली, पण अर्धवटच. "उठवा यांना. फाटक बंद होईल."

"जाळं पुरं झाल्याशिवाय उठवता येत नाही."

"असं कोण म्हणतं?"

"हेच म्हणतात."

वनरक्षक विचारात पडला. "पण ताई, परवान्यात कोळी न्यायचा असं आहे. जाळं ज्याला बांधलंय ती वस्तू जागची हलवायची नाही, असंही आहे."

दोघांनी त्या वस्तूकडे बघितलं. वस्तू घोरत नव्हती, हे तिचे उपकार.

"मग मामांना इथेच सोडून जायचं का?"

"मी नियम केलेला नाही," वनरक्षक म्हणाला, आणि त्याने आपली शाल मामांच्या पायांवर घातली.

शेवटचा फेरा चालू असताना मामांनी डोळे उघडले. नाकासमोर पेंगुळी. त्यांच्या चेहऱ्यावर हलू शकेल असं काहीही हललं नाही. मिटल्या ओठांतून आवाज आला, "पीठ."

जाळं फोटोत उठून दिसावं म्हणून मोज्यात मक्याचं पीठ भरून तो जाळ्यासमोर हलकेच झटकायचा असतो. मोजाही मामांचाच. बरणीने झटकला. पीठ उन्हात तरंगलं, धाग्यांवर बसलं, आणि हवेत एक पांढरं चाक उभं राहिलं, मामांच्या कानापासून झुडपापर्यंत, इतकं देखणं की वनरक्षकाने तोंडावर हात ठेवला. बरणीने फोटो काढला. उरलेलं पीठ मामांच्या नाकात गेलं.

मामांनी शिंक दाबली. कान लाल झाले, डोळे भरून आले, कपाळावर एक शीर उभी राहिली. बरणीने झाकण उघडून हात पुढे केला. बोटभर अंतर उरलं आणि मामा शिंकले.

चाक गेलं. पानांचा एक ढीग उडून दुसरीकडे बसला. पेंगुळी एका धाग्याला लोंबकळली, झोका घेतला आणि दिसला त्या पहिल्या आडोशात शिरली. दाढीत.

"कंगवा आणू?" वनरक्षकाने विचारलं.

"हात लावू नका." मामांनी हनुवटी जराही न हलवता बोटाने चाचपलं, आणि त्यांचा चेहरा विरघळला. "बरणे, ती पिशवी करतेय. अंड्यांची."

पानगळीत पेंगुळी अंड्यांची पिशवी विणते आणि थंडी सरेपर्यंत तिच्यापासून हलत नाही. पिशवीवर बसलेल्या मादीला उठवायचं नाही, हाही मामांचाच नियम. परतीच्या वाटेवर ते मान ताठ ठेवून चालत होते, आणि वनरक्षक पुढे होऊन फांद्या बाजूला धरत होता.

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं. "किती जणांचं वाढू?" एवढंच विचारलं.

संग्रहालयाच्या कारकुनाने मात्र अडवलं. नमुना कपाटात असेल तरच जमा. फोटो चालत नाही, दाढी चालत नाही. इकडे बाबांनी खुर्चीवरच्या प्लास्टिकचा एक कोपरा उचकटला होता. शेवटी मामांनी स्वतः बसून, ओठ कमीत कमी हलवत, मजकूर सांगितला आणि बरणीने तो टाइप केला:

"विषय: विभागप्रमुखांस कपाटात जागा मिळणेबाबत. महोदय, सदर नमुना अर्जदाराच्या दाढीत सुस्थितीत असून त्यास हलवणे शास्त्राला धरून नाही. अर्जदार जेवणानंतर हलत नाहीत, ही बाब वनखात्याच्या कर्मचाऱ्याने समक्ष पाहिलेली आहे. तरी थंडी संपेपर्यंत अर्जदारास कोळी-कपाटाच्या मधल्या फळीवर नमुना म्हणून जमा करून घ्यावे व क्रमांक द्यावा. झाकण मात्र घट्ट लावू नये, ही नम्र विनंती."