उन्हातली पानं, सावलीतली पानं

"सत्यम, हे आकडे मोजून आणलेस की बसल्या जागी लिहिलेस?" ज्ञानेश्वरी मॅडमनी अहवाल टेबलावर आपटला आणि सत्यमच्या तोंडचं पाणी पळालं.

माशांच्या खाद्यात शेवग्याची पानं घालायची, तर ती उन्हात वाळवलेली बरी की सावलीत, हा त्याचा प्रबंध. सावलीत सत्त्व टिकतं, उन्हात उडतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि याच्या अहवालात दोन्हींचं जीवनसत्त्व तंतोतंत सारखं! बनवाबनवी ठरली असती तर पदवी गेलीच, वर तोंड दाखवायला जागा नाही.

"मॅडम, शपथ. विभागाच्या गच्चीवर माकडं येतात, म्हणून उस्मानपुऱ्यात घरी वाळवली."

"चल, बघू तुझं घर." मॅडमना शंका आली की त्या मुहूर्त बघत नसत.

घरी सत्यमची आई, पुतळाबाई, गच्चीवर कुरडया उलटत होत्या. मॅडमनी पानांच्या दोन ट्रेंबद्दल विचारताच पुतळाबाई कौतुकानं पुढं आल्या.

"म्याच सांभाळते की, बाई. एक ट्रे ह्यानं खाटंखाली सावलीत ठिवला व्हता. सावलीत कुठं वाळवण असतं व्हय? बुरशी धरंल! ह्यो कालिजात गेला की दोन्ही उन्हात टाकायची, अन् ह्यो यायच्या आत जागच्या जागी."

सत्यमनं कपाळावर हात मारला. मॅडमना मात्र हायसं वाटलं. पोरगा खोटारडा नव्हता. त्यांनी पुतळाबाईंना शेजारी बसवून नीट समजावलं, की उन्हानं पानांतलं सत्त्व जातं आणि सावलीत राहतं.

"अगं बाई! मंग म्या लईच वाटुळं केलं की!"

मॅडमनी एकच संधी दिली. सत्यमनं ताजी पानं आणली आणि आईकडून वचनच घेतलं. "माय, सावलीतला ट्रे उन्हात न्यायचा नाय."

"तुझ्या गळ्याची आण. नाय नेणार."

तरी त्याचा जीव टांगणीलाच. कॉलेजातून तो सारखा फोन करी. "माय, सावलीतला ट्रे कुठंय?"

"सावलीतच हाय रं."

पानं वाळली. पुतळाबाईंनी ती दळून दोन डब्यांत भरूनही दिली. प्रयोगशाळेतून अहवाल आला त्या दिवशी मॅडमचाच फोन आला.

"सत्यम, परत सारखंच! फक्त या वेळी दोन्हींत भरपूर आहे."

फोन कानाला तसाच धरून तो आईकडं धावला. "माय, आण मोडलीस?"

"छ्या! सावलीतल्याला बोट लावलं नाय. उन्हातला तेवढा सावलीत आणून ठिवायची. बाई एवढं जीव तोडून सांगून गेल्या. माहीत असून मुक्या माशांच्या तोंडचं सत्त्व घालवू व्हय?"

मॅडमनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा माझ्या घरी वाळवू. पानं घेऊन ये."

पुतळाबाईंना ते ऐकू गेलं. "न्या की, बाई," त्या फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "फक्त घरात कुणी थोरलं माणूस आसंल, तर त्यास्नी आधी समदं समजावून सांगा बरं."

पलीकडं मॅडमनी घाईनं फोन ठेवला. मॅडमच्या घरी सासूबाई होत्या.