बाबांच्या दातांचं माप

लेकीचं डेंटल कॉलेज सुरू व्हायला महिना होता, तेवढ्यात हात बसावा म्हणून ती कवळीवाल्या काकांच्या लॅबमध्ये जाऊ लागली. काका डेंटिस्ट लोकांना कवळ्या नि कॅप बनवून देत. "पुस्तकं काय, कॉलेजात मिळतातच. बोटांना सवय आधी लागलेली बरी," असं त्यांचं म्हणणं.

ती रोज काहीतरी नवं शिकून यायची आणि बाबा जेवताना खोदून खोदून विचारायचे. मेणाची दाढ कशी कोरतात, प्लास्टर ओतताना साचा का आपटतात, सगळं. (ऑफिसात हेडक्लार्क असलेल्या माणसाला इतकं कुतूहल परवडत नाही, पण ते घरी आल्यावर उफाळून यायचं.)

तिसऱ्या आठवड्यात लेक गप्प गप्प झाली. विचारलं तर म्हणाली, "माझ्या दाढा बटाट्यासारख्या होतात, बाबा. माझा हात या कामाचा नाही. कॉलेज नकोच."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "माझ्या तोंडाचं माप घे. खऱ्या दातांवर हात चालेल."

"काकांनी बजावलंय, एवढ्यात कोणाच्या तोंडात हात घालायचा नाही."

लेकीने नाही म्हटलं म्हणजे बाबांनी स्वतः घालायचा नाही, असं थोडंच होतं? रविवारी ती दुकानात गेली, तशी त्यांनी तिच्या पिशवीतली मापाची गुलाबी पावडर काढली, अंदाजाने पाणी घातलं, भराभर कालवली, दातांच्या आकाराच्या, दांडा असलेल्या छोट्या ट्रेमध्ये भरली आणि आरशासमोर उभं राहून वरच्या दातांवर दाबली. गार लागली. पुदिन्याचा वास आला. एकंदरीत बरं चाललं होतं.

तीन मिनिटांनी त्यांनी ट्रे ओढला. ट्रे जागचा हलला नाही. पुन्हा ओढला, तेव्हा ट्रेबरोबर आपलं डोकंही येतंय असं त्यांना वाटलं.

आई बाहेर आली. नवऱ्याच्या तोंडातून दांडा बाहेर आलेला.

"आता काय खाताय?"

"अंऽ अंऽ."

"जेवायला तासभर आहे. काढा तो चमचा."

"अंऽऽ."

"रागावलात? सकाळी तुमच्या भावाबद्दल बोलले म्हणून?"

बाबांनी जोरजोरात मान हलवली. ती नाही म्हणून होती, आईने ती नेहमीच्या रागाची समजली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, तो तिनेच उचलला. "ते बोलत नाहीयेत," ती म्हणाली. मग थोडं ऐकून, "नाही, दातखीळ बसल्यासारखे उभे आहेत. हो, सांगते." फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "उद्याच्या मीटिंगचा एवढा धसका घेऊ नका म्हणतात."

लेक परत आली ती याच सुमाराला. तिने पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "बसा. नाकाने श्वास घ्या. मान खाली." आवाज नेहमीचा नव्हता, बाबा निमूट बसले. तिने बोटाने त्यांचा गाल बाजूला केला, कडेने थोडी हवा आत जाऊ दिली, दांडा धरला आणि एक झटका दिला. ट्रे बाहेर.

"अगं, तुझा हात..." बाबा सुरू झाले.

"बोलू नका. हे आकसायच्या आत प्लास्टर ओतायचंय." ट्रे धुऊन ती ओट्याशी गेलीसुद्धा. थोडं थोडं ओतत, टकटक आपटत बुडबुडे काढत राहिली. तासाभराने साचा सोलला, तर आत बाबांचे वरचे दात पांढरेशुभ्र, एकूण एक. दाढा अजिबात बटाट्यासारख्या नव्हत्या. लेक कितीतरी वेळ त्या हातात घेऊन हसत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर बाबाही मोठ्या उत्साहाने लॅबमध्ये गेले. काकांनी चष्मा चढवून मॉडेल फिरवून फिरवून पाहिलं.

"एक बुडबुडा नाही. पोरी, तुझा हात चांगला आहे. कॉलेजात नाव काढशील." मग ते जरा थांबले. "तोंड कोणाचं? माणूस सत्तरीपुढचा दिसतो. दात खाऊन खाऊन पार सपाट केलेत."

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं. त्यांना नुकतंच अठ्ठेचाळिसावं लागलं होतं.

"शेजारचे आजोबा आहेत," बाबा म्हणाले.

"मग आणा त्यांना एकदा," काका म्हणाले. "म्हाताऱ्याला जपून आणा मात्र. कवळीचं बघून ठेवू."