यशवंतभाऊंची रांग

लग्नाच्या शूटिंगची बोलणी करायला आलेला माणूस काय विचारेल? तारीख, कार्यालय, हळद आदल्या दिवशी की त्याच दिवशी. यशवंत भालेराव यांनी आमच्या सोफ्याच्या अगदी कडेवर टेकून पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, घरात वयस्कर कोन कोन हाय? बीपी, शुगर, काई?"

मला वाटलं, चहात साखर घालण्यावरून विचारत असतील. तसं काही नव्हतं. सासूबाईंचं वय, आमच्या ह्यांची साखर, व्याह्यांकडचे आजोबा काठी घेऊन चालतात की बिनकाठीचे, सगळं विचारून झालं. मग डोळे मिटून मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाले, "तुमची मान्सं दणकट हायेत. फिल्म पावसाळ्यात मिळंल." लग्न होतं थंडीत. फिल्म इतकी उशिरा मिळणार म्हणून आमच्या घरात जो आनंद झाला तो मुलगा पसंत पडल्यावरही झाला नव्हता. सासूबाई तर जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या.

त्याचं कारण असं. तळेगावजवळ वराळ्यात आमची इमारत आहे तिच्या तळमजल्यावर, बरोबर आमच्या खाली, यशवंतभाऊंचं दुकान आहे. दुकान आणि घर एकच. पुढे शटर, मग टेबल, त्यावर कॉम्प्युटरचा मोठा पडदा, टेबलाखाली त्याची काळी पेटी आणि मागे एक खाट. सोमाटण्यापासून पवनानगरपर्यंतच्या लग्नांची शूटिंगं त्यांच्याकडे येतात. कॅमेरे दुसरे धरतात, पण जोडकाम, रंग, आवाज हे सगळं भाऊ एकटे करतात. लग्नसराईत कामांची ही मोठी रांग लागते. बाकीचे लोक जो जास्त ओरडतो त्याचं काम आधी काढतात. यशवंतभाऊ ज्या लग्नात सगळ्यात थकलेलं माणूस असेल, ते आधी काढतात. दमेकरी आजोबा, डायलिसिसवरची मावशी, मग साधं बीपी, आणि सगळ्यात शेवटी आमच्यासारखे दणकट.

माणूस मुळात भित्रा. पन्नाशीचा, सडपातळ, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघून झालं की परत एकदा पहिल्या बाजूला बघणारा. कुठल्याही वाक्याच्या शेवटी "भरवसा न्हाई" हे येणारच. वीज कडाडली की पाचही प्लग काढतात. लिंबू-मिरचीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, तो सगळा स्टॅबिलायझरवर. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या साड्यांनाही बुरशी येते, म्हणून आम्ही कपाटात बल्ब लावून ठेवतो. भाऊंनी तो पेटीशेजारी लावला आहे. कंपनीने नवीन सॉफ्टवेअर दिलं की पडद्यावर निरोप येतो. तो आला की भाऊ खुर्ची मागे सरकवतात. चालतंय ना, मग हात लावायचा नाही, हे त्यांचं शास्त्र.

सगळी काळजी त्या पेटीतल्या एका कार्डाची. ग्राफिक्स कार्ड, तेही वर्कस्टेशनचं, म्हणजे दिवसरात्र राबणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरचं, पुण्यातल्या कुठल्या तरी बंद पडलेल्या ॲनिमेशनच्या ऑफिसातून मोटारसायकल विकून आणलेलं. पडद्याच्या कोपऱ्यात त्या कार्डाचं तापमान सतत दिसत असतं आणि बोलता बोलता भाऊंची नजर तिकडे जाते, तापकरी पोर निजवून आलेल्या बाईसारखी. एकदा मी विचारलं, ह्याने असं होतं तरी काय? मी शाळेत शिकवते, पण त्यांनी मलाच पहिलीतल्या पोरासारखं समजावलं.

"प्रोसेसर म्हंजी आचारी बगा ताई. लय हुशार, पन एकटा. पोळी त्योच लाटनार, भाजी त्योच करनार, वाढायला बी त्योच. आन ह्ये कार्ड म्हंजी हजार पोरं वाढायला. डोकं कमी, पन एकदम सुटत्यात. पंगत उठली समजा."

आमच्या मुलीला, मुक्ताला, ह्यातलं थोडं कळतं. ती म्हणाली, काका, गेम खेळायचं कार्ड स्वस्तात मिळालं असतं, तेही पळतं. भाऊ गंभीर झाले. ते पळतं लय, म्हणाले, पण दिवसभर राबवलं की धापा टाकतं. हे दमत नाही, आणि एक ठिपकाही चुकवत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावरचा एक ठिपका चुकला तर तो भरून कोण देणार?

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते मला नंतर पवनानगरच्या एका बाईंकडून समजलं. पूर्वी भाऊंकडे साधा कॉम्प्युटर होता. अंधाऱ्या मांडवातलं शूटिंग जरा उजळ करायचं तरी तो अख्खा दिवस घ्यायचा आणि शेवटाला येऊन अडकायचा. त्या बाईंच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाची फिल्म अशीच महिनोन् महिने अडकली. भाऊ अखेर फिल्म घेऊन त्यांच्या घरी गेले, तर भिंतीवर मुलीच्या वडिलांच्या फोटोला हार. माघारी फिरत होते, पण मुलीच्या आईने बसवून घेतलं आणि फिल्म लावायला सांगितली. वडील पडद्यावर आले, जेवायला बसलेल्यांना आग्रह करत होते. ती म्हणाली, आवाज वाढवा. नंतर परत म्हणाली, अजून वाढवा. त्या महिन्यात भाऊंनी मोटारसायकल विकली.

हेतू इतका चांगला, पण लोकांनी त्याचा अर्थ काय काढावा? फिल्म लवकर आली की घरात कोणीतरी निघालं. सोमाटण्याच्या एका घराने पेन ड्राइव्ह घ्यायलाच नकार दिला, दारातून परत पाठवला. शूटिंगच्या बोलण्यांत आजोबा भाऊंना आपलं वय अठ्ठावन्न सांगायला लागले, आणि शेजारी त्यांचा पन्नाशीतला मुलगा मान खाली घालून बसलेला. आणि ज्यांची फिल्म रेंगाळली ते ताठ मानेने फिरायचे. एक आजी तर म्हणे बाजारात सांगत होत्या, आमची दोन वर्षं झाली, अजून न्हाई आली.

तर आमची पावसाळ्यात येणार होती. मुक्ताचं लग्न झालं, ती सासरी गेली, आणि पंधरवडाही उलटला नव्हता तोच एका सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली दिसली. आत पेन ड्राइव्ह.

मी ती पिशवी हातात धरून बराच वेळ दारात उभी राहिले. ह्यांनी विचारलं, काय आहे? मी म्हटलं, दूधवाल्याची चिठ्ठी. पण सासूबाईंनी पिशवी ओळखली होती.

"मला कळलंय गं," त्या म्हणाल्या. "माजाच नंबर हाय."

ह्यांचं म्हणणं, आईला काय धाड भरली आहे, नंबर असेल तर माझा. त्यांनी त्या दिवशी भात सोडला आणि संध्याकाळी तळेगावात जाऊन कार्डिओग्राम काढून आले. तो चांगला निघाला. म्हणाले, मशीन जुनं होतं.

फिल्म आम्ही लावली. पडद्यावर आमची एकुलती एक मुलगी अंतरपाटाआड उभी, आणि आम्ही तिघंही तिच्याकडे बघत नव्हतो. ह्यांना स्वतःला खुर्च्या उचलताना धाप लागलेली दिसली. सासूबाईंना अक्षता टाकताना आपला हात थरथरलेला दिसला, त्यांनी तो तुकडा तीनदा लावायला लावला. मग त्यांना बाजूला आपला थोरला भाऊ बसलेला दिसला, त्यांच्याहूनही वयाने मोठा, आणि चेहऱ्यावर चक्क आशा उमटली. लगेच त्या आशेची लाज वाटून त्यांनी त्याला फोन केला आणि बांधावरचं जुनं भांडण मिटवून टाकलं. मी सगळे बाहेर गेल्यावर गुपचूप माझाच चेहरा थांबवून पाहिला. भाऊंच्या कार्डाने एक ठिपका चुकवला नव्हता. डोळ्यांखालचं काळं, ओठांच्या कडा, सगळं होतं, आणि त्यातलं नक्की काय बघून त्यांनी आमचा नंबर पुढे घेतला ते काही केल्या कळेना.

लिहिताना हसू येतं, पण त्या दिवसांत मला भीती वाटत होती. फळ्यावर लिहिता लिहिता मनात यायचं, घरून फोन आला असेल का? झोपेत ह्यांचा श्वास जरा अडला की मी उठून बसायची. चार पायऱ्या उतरून भाऊंना विचारणं काय अवघड होतं? पण शटर अर्धं ओढलेलं असायचं, आत पेटीतले पंखे घोंघावत असायचे, आमच्या फरशीला सुद्धा त्याची थरथर जाणवायची. आणि खरं सांगायचं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, म्हणून मी विचारलं नाही.

मग शाळेत एक वेगळीच बातमी कळली. सोमाटण्याहून येणाऱ्या बाईंच्या दिराची फिल्म आली. शिपाईमामांच्या भाचीची आली. पवनानगरला एकाच दिवशी तीन घरांत आल्या. दोन वर्षं मिरवणाऱ्या त्या आजींचीसुद्धा आली, त्यांनी म्हणे अंथरूणच धरलं. दवाखान्यांत धडधाकट म्हाताऱ्यांची गर्दी झाली. सगळ्यांचं एकदम म्हणजे भूकंपच असणार, असं आमच्या गणिताच्या सरांनी सांगितलं आणि ते हसले नाहीत.

त्याच दुपारी घरी आले तर फरशी शांत होती. पंखे बंद. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी ते बंद झालेले मी ऐकले नव्हते. सासूबाई पदर खोचून दारात तयारच उभ्या होत्या, एकदाचं विचारूनच टाकू म्हणाल्या.

शटर उघडं होतं. पेटीवर धुतलेला टॉवेल घातला होता आणि भाऊ खाटेवर बसले होते, पायाशी भरलेली कापडी पिशवी. आम्हाला बघून ते उठायला लागले, सासूबाईंनी हातानेच बसवलं.

"यशवंता, खरं सांग. आमच्यातलं कोन?"

"तुमच्यातलं कुनी न्हाई, मावशी." ते जमिनीकडे बघत होते. "मीच हाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या, उद्या पुण्याला दाखल व्हायचं, परवा ऑपरेशन. डॉक्टरांनी लगेच करू म्हटलं होतं, भाऊंनी हातापाया पडून काही दिवस मागून घेतले आणि त्या दिवसांत कार्ड रात्रंदिवस पळवलं. रांगेत स्वतःला कुठे बसवायचं तेच कळेना, म्हणाले, म्हणून अख्खी रांगच मोकळी केली. आपण गेलो असतो तर एवढ्या लोकांची माणसं त्या पेटीत अडकून पडली असती.

ह्यांना काही झालेलं नाही, सासूबाईंना काही झालेलं नाही, हे कळल्यावर मला हायसं वाटलं, आणि लगेच राग आला. अहो, खाली राहता आमच्या, एक शब्द बोलायचा नाही का? ते म्हणाले, कोणाला सांगणार, समद्यांच्या घरी कार्यं. सोबत कोण येतंय विचारलं, तर म्हणाले, तिथली माणसं बघतात सगळं. आई-वडील केव्हाच गेलेले, बहीण लांब, तिच्या सुनेचं बाळंतपण निघालेलं. स्वतःच्या लग्नाचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही.

सासूबाई खाटेवर त्यांच्या शेजारी बसल्या. हल्ली ऑपरेशनचं काही नसतं, माझ्या डोळ्यांची दोन झाली, कळलंसुद्धा नाही, असं समजावत राहिल्या. भाऊ मान हलवत होते. मग एकदम म्हणाले,

"मरायची तेवढी न्हाई वाटत, मावशी. रोज एवढी मान्सं बगतो मी. मला बगनारं कुनी न्हाई. परवा डोळं उगडलं आन समोर कुनीच नसलं, तर मला कळायचं कसं, मी हाय का गेलो?"

सासूबाईंनी विचारलं, गाडी किती वाजता निघते.

मी रजा टाकली. ह्यांनी आईला नेऊ नको म्हणून सांगून पाहिलं, मग तेही आले. ऑपरेशन सांगितल्याहून बराच वेळ चाललं. सासूबाई बाकावर मांडी घालून बसल्या होत्या, जेवल्या नाहीत, पाणी तेवढं घेतलं. संध्याकाळकडे एक सिस्टर आली आणि म्हणाली, ते शुद्धीवर येताहेत, एकाच माणसाने आत जायचं, तेही दोन मिनिटं. आमच्यातलं कोणी काही म्हणायच्या आत सासूबाई चपला काढून आत गेल्या होत्या.

मी काचेतून बघत होते. भाऊंच्या तोंडात नळी होती, हात बांधलेले. डोळे उघडत होते आणि मिटत होते, नजर छताकडे, मग भिंतीकडे. सासूबाई कॉटला धरून त्यांच्या तोंडासमोर वाकून उभ्या होत्या, त्यांची पाठ एवढी वाकलेली मी कधी पाहिली नव्हती. सिस्टरने दार लोटून सांगितलं, आजी, वेळ संपली, चला आता.

"थांब गं बाई जरा," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "डोळं उगडल्यात त्यानं. पन अजून मला नीट बगितलं न्हाई."