अजून हाय त्यात

आमच्या शेजारचे बबनभाऊजी टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटतात. खोटं नाही सांगत, डोळ्यांनी बघितलंय. पोळपाटावर ट्यूब आडवी, वरून लाटणं, आणि तोंड चालू, "पुढं चला, पुढं चला! मधे कोन थांबलंय?" जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला, त्याला ट्यूब तरी काय करणार!

लाटून झाली की कात्रीने उभी चिरतात आणि आतून ब्रश फिरवतात. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, आता तरी सोडा तिला."

"वहिनी, अजून हाय त्यात."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शाम्पूची पुडी उलटी करून पाण्यात खळबळवतील, "अजून हाय त्यात." आमच्या टोकावड्याला थंडीत खोबरेल गोठतं, तर यांची रिकामी बाटली उन्हात डोक्यावर उभी. साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात भरून त्या मोज्यानेच आंघोळ. तो कुठल्या पायातला, ते मी विचारलं नाही.

आता माझा स्वभाव मुळातच संशयी. आमचे हे म्हणायचे, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. मला आपलं वाटायचं, जो स्वतःची चिपटी सोडत नाही, तो दुसऱ्याची कशी सोडेल? त्यात आमच्या दोन घरांत धुण्याचा दगड एकच.

लेकीने कल्याणहून मला चंदनाचा साबण आणला. त्याच दिवशी फोडला, हातपाय धुतले, दगडावर ठेवला. कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले. परत येते तर साबण गायब! दगडाखाली बघितलं, गटारात काठी घालून बघितली. मग भाऊजींच्या मोरीच्या खिडकीला नाक लावून उभी राहिले. खोबरेलाचा वास आला, चंदनाचा नाही. हुशार आहे माणूस, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन विरजण मागायच्या निमित्ताने गेले. दार उघडंच. भाऊजी कपाटापाशी पाठमोरे, हातात चंदनाचा साबण, नाकाशी धरलेला.

"भाऊजी! तो साबण माझा!"

दचकले. साबण पुढे केला. कागदासकट होता. कागद कडेला पिवळा पडलेला. माझ्या साबणाचा कागद तर मी चुलीत घातला होता.

"सुशीनं आणलेला," हळूच म्हणाले. सुशी त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. "दिवाळीच्या पयल्या अंगोळीला आणलेला. दिवाळीपर्यंत कुठं रायली? तिच्या लुगड्यांत ठेवतो. रोज वास घेतो." साबण परत नाकाशी नेला. "अजून हाय त्यात."

ट्यूब चिरणारा हा माणूस. तीन वर्षं एक कागद फाडला नव्हता त्याने.

मी रिकामी वाटी घेऊन घरी आले. चार दिवस अंगणात फिरकले नाही. लेक कल्याणला, हे वर गेलेले. रोज हाक मारून विचारपूस करणारं एक माणूस उरलं होतं, त्यालाही मी चोर ठरवून बसले. आता कशाला बोलेल?

पाचव्या दिवशी दारात हाक आली, "वहिनी!"

भाऊजी उभे. हातात माझा साबण, चिखल पुसलेला, चोचीने टोचून टोचून खड्डे पडलेला.

"चोर गावला. आंब्याखाली टाकून गेलता. काळा हाय, नि विदाऊट तिकीट फिरतो."

मेला कावळा! "बसा, चहा टाकते," मी म्हटलं.

बसले. चहा गाळून मी गाळणं झटकायला मोरीकडे वळले, तर मागून आवाज,

"चोथा टाकू नका, वहिनी. अजून हाय त्यात."